दादांची फळी

पट्टी अडली.

पाच मिलिमीटर जाडीची ती पितळी पट्टी गाडीच्या नाकाखालून सहज शिरली, चार बोटे आत गेली आणि पोटाशी थबकली. तपासनिसाने ती मागे घेतली, पांढऱ्या फडक्याने पुसली आणि पुन्हा सारली. ती पुन्हा त्याच जागी अडली. त्याने मान वर केली नाही.

"नापास. गाडी पाचाच्या खाली आहे."

"घरून पाच पॉइंट दोन मोजून आणलीय, भाऊजी. शर्यतीत टायर झिजले तरी पॉइंट एकच्या वर झिजत नाहीत."

"घर तुमचं, फळी क्लबची. यंदाची ही दुसरी खेप, वहिनी. तिसऱ्या खेपेला काय ठरलंय ते सांगायला नको."

"नकोच. तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन."

रांगेत मागे कुणीतरी खाकरले, कुणीतरी हसले. तिने गाडी उचलली. हातभर लांबीची, रिमोटवर धावणारी ती शर्यतीची गाडी तिच्या दोन्ही तळव्यांवर अजून ऊन होती.

अशा गाडीचे पोट जमिनीशी जितके लगट करील तितकी ती वळणावर स्थिर राहते. म्हणून प्रत्येकाची धडपड खाली उतरण्याची, आणि म्हणूनच नियम असा, की शर्यत संपल्यावर तपासणीच्या फळीवर ठेवलेल्या गाडीखालून पाच मिलिमीटरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निघाली पाहिजे. एका हंगामात तीनदा अडली, तर गाडी बाद.

तिच्या बाबतीत या नियमाला घरचे शेपूट जोडलेले होते. गाडी मूळची तिच्या नवऱ्याची. सारा क्लब त्याला दादा म्हणे, आणि तपासनीस हा दादांचा सख्खा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी दादा बसल्या जागी गेले. महिन्याच्या आत धाकट्याने आईच्या खोलीत काचेच्या दाराचे एक कपाट करवून घेतले, गाडीच्या मापाचे. वहिनीने गाडी दिली नाही. उलट दादांचा रिमोट हाती घेऊन ती थेट ट्रॅकवर उभी राहिली. त्या दिवसापासून दोघांत बोलणे राहिले ते फक्त तपासणीच्या टेबलाशी, आणि तेही अहो-जाहोचे, धार लावलेले.

"रोज एक भाग काढता, नवा घालता," तो आईसमोर एकदा म्हणाला होता. "दादाचं त्यात आता काय उरलंय? खालची काळी पाटी तेवढी. तीही एक दिवस भिंतीवर आपटून फोडाल."

"धावते, हे उरलंय," ती म्हणाली होती.

शेवटी सासूबाईंनीच निवाडा केला. हंगामभर चालव, तिसऱ्यांदा नापास झालीस, तर गाडी कपाटात जाईल आणि त्यावर कुणी शब्द काढायचा नाही. दोघांनी मान डोलावली. कपाट तेव्हापासून रिकामे होते आणि दर रविवारी त्याची काच पुसली जात होती.

ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवी. एकोणीस वर्षे घडवीत होती. मेणाचा वास, प्लास्टरची भुकटी, आणि खिडकीखाली जाड काचेचा एक चौकोन, ज्यावर ठेवलेली वस्तू डगमगली तर दोष वस्तूचाच, काचेचा नव्हे. या कामाने तिला एक गोष्ट शिकवली होती. तोंडात केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाचे अन्नावरून मन उडते. आणि तो उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, त्याला बोलते करावे लागते.

त्या आठवड्यात दवाखाना मिटल्यावर तिने गाडी काचेवर घेतली. आधी सारा दोष तिने स्वतःकडे घेतला. वरच्या पाटीचे सगळे स्क्रू सैल केले, गाडी हातांनी हलकेच दाबून सपाट बसू दिली आणि मग तिरक्या क्रमाने एकेक आवळला. कारण ओळीने आवळले की पाटीला पीळ बसतो आणि गाडी एका कुशीवर धावते. नाकाखाली मेणाच्या सुरीचे टोक घालून उचलून पाहिले: पुढची दोन्ही चाके एका क्षणी काचेवरून सुटली. पीळ नव्हता. चारही स्प्रिंगांच्या कड्या मोजल्या, सारख्या होत्या. पोट मोजले. पाच पॉइंट दोन.

पेटीच्या झाकणाला आतून दादांच्या हातचे कार्ड चिकटवलेले होते. त्यावर, जराशा मागे कललेल्या अक्षरांत: पोट ५.२. याच आकड्यावर दादा नऊ वर्षे धावले आणि एकदाही अडले नाहीत.

गुरुवारी चष्मेवाला आला. चष्म्यांचे दुकान चालवणारा हा गृहस्थ क्लबातला पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक. वडिलांची कवळी न्यायला आला होता, पण नजर काचेवरच्या गाडीवर होती.

"अजून पाच पॉइंट दोनच?"

"मग किती हवी?"

"पाच पॉइंट पाच करा आणि सुखी व्हा. फळी पॉइंट तीन खाते, वहिनी. सगळे तेवढी वर घेऊनच येतात."

तिने कवळी कागदात गुंडाळता गुंडाळता हात थांबवला. "सगळ्यांना ठाऊक आहे?"

"वर्ष दीड वर्ष झालं. आधी थोडं खायची, गेल्या दोन महिन्यांत वाढलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही दोनदा माझ्या मागेच उभे होतात. खाकरलात तेवढे."

चष्मेवाला ओशाळला, पण फार नाही. "तुमच्या दिराला कोण सांगणार, सांगा? फळी दादांनी केलेली. आम्हाला दर महिन्याला त्याच्याच हाताखालून जायचंय. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची हौस कुणाला? शिवाय सगळे सारखेच वर, म्हणजे सगळे सारखेच की."

"मी सोडून."

"म्हणून तर आता सांगतोय."

"उपकार झाले," ती म्हणाली. "वडिलांना सांगा, पहिले दोन दिवस कडक काही चावू नका. तुम्हीही सांभाळून, दात आहेत तोवर."

ती चार कड्या फिरवून गाडी वर घेऊ शकत होती. अर्ध्या मिनिटाचे काम. पण खोट्या दाताला जुळावा म्हणून खरा दात घासण्याची विद्या तिला अवगत नव्हती.

हंगामाची शेवटची शर्यत. सुरू होण्यापूर्वी ती टेबलाशी गेली.

"भाऊजी, आधी फळी तपासू या."

"वहिनी, या फळीवर दादाने स्वतः पाण्याची पातळी लावली होती. पायाला कागद सारून सारून दोन दिवस. मी दिवा धरून होतो. तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"त्या दोन दिवसांचे डबे मीच पाठवले होते."

"मग तेवढंच करायचं होतं पुढेही."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती ट्रॅकच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली. पाच मिनिटांच्या त्या शर्यतीत गाडी काळ्या डांबरावर रेघ ओढावी तशी फिरली. दोनदा चष्मेवाल्याच्या गाडीने तिला वळणात खांदा मारला आणि दोनदा ती सावरली. तिसऱ्या क्रमांकाने आली. गाडी उचलून ती रांगेत उभी राहिली.

पट्टी शिरली, चार बोटे गेली आणि अडली.

तपासनिसाने या वेळी ती पुसली नाही. टोपण काढून पेन हाती घेतले.

"लिहिण्याआधी एक," ती म्हणाली. "दादांचा आकडा पाच पॉइंट दोन. गाडी त्याच आकड्यावर आहे, आणि ती दादांच्याच फळीवर नापास होतेय. दोघांतलं काहीतरी एक बदललंय, भाऊजी. कोण ते बघायचं की नाही?"

तिने त्याला नाही म्हणण्याइतकाही अवसर दिला नाही. खिशातून कवळीचा चावा बघायच्या, दाब पडेल तिथे रंग सोडणाऱ्या निळ्या कागदाची पट्टी काढली, ती फळीवर पसरली आणि तिच्यावर पोलादी मोजपट्टी कडेवर उभी केली. मोजपट्टी लहान मुलांच्या सीसॉसारखी डुलली. टोकांशी कागद मोकळा सरकत होता. मध्यावर धरला गेला. तिने तो ओढून काढला. फळीच्या मध्यभागी, नेमक्या मधल्या स्क्रूभोवती, बोराएवढा निळा ठिपका उमटला होता.

"टायरला चोपडतो ते तेल स्क्रूच्या भोकातून मुरलं असणार. लाकूड फुगलंय. दादांची चूक नाही. ते असते तर फळी कधीच बदलली असती."

रांगेतल्या अकरा जणांना हे ठाऊक होते आणि अकराही जण आपापल्या गाडीची चाके निरखत होते. तपासनिसाने त्यांच्याकडे एकेक करून पाहिले. चष्मेवाल्यावर नजर थोडी जास्त थांबली.

"किती दिवस?" त्याने विचारले.

"वर्षभर असेल," चष्मेवाला चाकाला उद्देशून म्हणाला.

"आणि तुम्ही सगळे वर घेऊन येत होतात. माझ्यासमोर ठेवत होतात. मी पास म्हणत होतो."

तो उठला, आत जाऊन ऑफिसच्या टेबलावरची जाड काच काढून आणली आणि फळीशेजारी समपातळीवर ठेवली. गाडी स्वतःच्या हातांनी उचलून तिच्यावर ठेवली. दादा गेल्यापासून त्या गाडीला त्याचा असा पूर्ण हात लागला नव्हता. पट्टी नाकाखालून शिरली आणि मागच्या टोकातून, एकदाही न थांबता, बाहेर आली.

त्याने वहीत 'पास' लिहिले. मागच्या दोन पानांवरचे 'नापास' खोडले, प्रत्येकाखाली सही केली. मग तपासनीस या छापील शब्दापुढचे स्वतःचे नाव खोडले आणि तिथेही सही केली.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"माझी गाडी माझ्याकडे राहिली. समाधान वेगळं."

"तुम्ही खरं दाखवलंत. पण मला तुमचं तोंड बघायचं नाही, वहिनी. हेही खरं आहे."

"मग बघू नका. सासूबाईंना भेटायला मी येणारच."

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन फळीचे पाय सोडवायला बसला. कुणी हात लावायला पुढे झाले, त्याला त्याने कोपराने दूर केले.

पुढच्या महिन्यात ती सासूबाईंकडे गेली. ती आत आली तसा तो नेहमीप्रमाणे चप्पल घालून बाहेर पडला. उंबऱ्यात दोघे एकमेकांना अंग चोरून ओलांडून गेले. खोलीत काचेचे कपाट भरलेले होते. फळी आडवी मावत नव्हती, म्हणून मधला कप्पा काढून ती उभी ठेवली होती; कप्प्याच्या खिळ्यांची भोके उघडीच राहिली होती. लाकडाची कड न् कड लख्ख पुसलेली होती. मधला निळा ठिपका मात्र जिथल्या तिथे होता. फडके त्याच्याभोवतीच फिरलेले दिसत होते.

"गाडी कशी आहे गं?" सासूबाईंनी पलंगावरून विचारले.

"पुढच्या चाकाचा एक हात मोडला होता. नवा घातला," ती म्हणाली. "धावते."