सोफ्याच्या बदल्यात नाव

इंद्रायणी पुण्याला शिकायला गेली असती तर चिंतामणी सरांच्या पदरात काय पडणार होतं? फार तर पेढ्यांचा एक बॉक्स. आणि सोलापुरातच राहिली तर? तर नाट्यमंडळासाठी हॉलची किल्ली आणणारी, नटांना फोन करकरून गोळा करणारी, कुठल्या प्रवेशात कुणाच्या हातात कुठला पेला हवा हे पाठ असणारी आणि एकदाही रुसून न बसणारी पोरगी कायमची. शिवाय सर शिकवत त्या कॉलेजातल्या नाट्य पदविकेला दहा विद्यार्थी भरले तरच वर्ग चालू राहणार होता, आणि भरले होते नऊ. सर हिशेबी नाहीत, असं त्यांचे मित्र म्हणत. मित्रांचं गणित कच्चं असतं.

इंद्रायणीला मात्र पुण्याचाच अभ्यासक्रम हवा होता. रंगमंच व्यवस्थापन, पदवीनंतर दोन वर्षं. जागा बारा, भरती वर्षाआड. गावी, मंद्रूपला फोन केला तर आई, सारजाबाई, हसायलाच लागली.

"घंटा वाजवायला बी कालेज निघालं व्हय गं?"

"घंटा न्हाय आई. कवा वाजवायची, ते शिकवत्यात."

"ते तर शाळेचा शिपाई बी सांगंल की." पण हसता हसता तिनं होकार दिला.

अर्जाला दोन गोष्टी लागत होत्या. मंडळाच्या दिग्दर्शकाचं, म्हणजे सरांचंच, शिफारसपत्र, आणि तीन वर्षांच्या प्रयोगांच्या छापील पत्रिका, 'रंगमंच व्यवस्था' या ओळीत उमेदवाराचं नाव असलेल्या.

गोम इथेच होती. हौशी मंडळाची पत्रिका म्हणजे आभाराचं ताट. ज्यानं काही दिलं त्याला त्यात वाढायचं. वीरभद्रप्पा आपल्या फर्निचरच्या शोरूममधला सोफा दर वर्षी नाटकाला फुकट देत, म्हणून रंगमंच व्यवस्थेच्या ओळीत त्यांचा मुलगा सिद्धेश्वर. पहिल्या वर्षी इंद्रायणीनं विचारलं होतं. "नाव काय गं, कागदावर असतं," सर म्हणाले होते, "सोफा स्टेजवर लागतो." सगळे हसले, तीही हसली. पुढची तीन वर्षं तर डीटीपीवाल्याशेजारी बसून सिद्धेश्वरचं नाव बरोबर छापलंय ना, हे तीच तपासायची. काम कोण करतं ते सगळ्यांना ठाऊकच आहे की, असं ती धरून चालली होती.

अर्ज घेऊन ती सरांच्या घरी गेली. "सर, पत्रिकांचं राहू द्या. तुमच्या पत्रात तेवढं लिहा, की नाव त्याचं होतं पण काम मी केलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पत्र तर मी गेल्या आठवड्यात सिद्धूला दिलं."

"सिद्धूला? कशाचं?"

"त्यालाही तिथंच जायचंय. वीरभद्रप्पा स्वतः आले होते गं. आता एका नाटकाला दोन-दोन व्यवस्थापक कसे दाखवू? दोघांचेही अर्ज फेकून देतील."

"सर, त्याला डावी विंग कुठली ते कळत नाही."

"शिकेल. शिकायलाच चाललाय ना?" मग सर खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या वह्याही जोडल्यात त्याच्या फाइलला. मंडळाच्याच आहेत त्या."

त्या वह्यांत प्रत्येक दिव्याची, प्रत्येक पावलाची खूण होती. लाल शाईनं प्रकाश, हिरव्यानं आवाज. "माझ्या अक्षरातल्या?" तिनं विचारलं.

"झेरॉक्सवर अक्षर कोण बघतं?" सर उठून उभे राहिले, म्हणजे आता तिनंही उठायचं. "तू आपली पदविका कर. रंगमंच व्यवस्थेचा एक अख्खा पेपर आहे. मीच शिकवतो."

आठ दिवसांनी दुपारी स्पर्धेचा प्रयोग होता. मेकअप रूमच्या दारात सिद्धेश्वर घामाघूम उभा. "इंद्रा, आलीस बरं झालं. लई टेन्शन आलंय बे."

"पत्रिकेत तुझं नाव हाय ना? मग तूच उभा राहा विंगेत." तिनं यंदाची वही त्याच्या हातात दिली, बाहेर येऊन तिकीट काढलं आणि सहाव्या रांगेत जाऊन बसली.

पहिला अंक नटांनी ओढून नेला. दुसऱ्यात मात्र फोन वाजायचा होता, तो वाजेना. नायिकेचं काम करणारी प्रियंका चहाचा ट्रे घेऊन स्टेजच्या मधोमध उभी. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. परत उचलला. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग प्रियंकानं मान वळवून डाव्या विंगेकडे पाहिलं, जिथं चार वर्षं इंद्रायणी उभी असायची.

बसून राहायचं, असं इंद्रायणी घरून ठरवून आली होती. पण प्रियंकाच्या ट्रेमधल्या कपांचा किणकिणाट सहाव्या रांगेत ऐकू येत होता. ती उठली, बाजूच्या दारानं आत पळाली, सिद्धेश्वरला दूर लोटलं आणि बटण दाबलं. फोन वाजला. पुढचा सगळा प्रयोग तिनं विंगेत उभं राहून तोलून नेला. शेवटचा अंधार तर असा अचूक पडला की टाळ्यांना क्षणभर उशीरच झाला.

नाटक पहिलं आलं. परीक्षकांनी भाषणात पडद्यामागच्या शिस्तीचं कौतुक केलं आणि पत्रिका हातात धरून नाव वाचलं. सिद्धेश्वर उभा राहिला, हात जोडले. त्या कौतुकाचं पेपरातलं कात्रण सरांनीच त्याच्या फाइलला लावलं. महिन्याभरात पुण्याच्या यादीत तो सातवा होता. इंद्रायणीनंही अर्ज धाडला होता, पत्राशिवाय, पत्रिकांशिवाय. तिला मुलाखतीलाच बोलावलं नाही.

तेव्हा कुणाचं काय गेलं? सोफा शोरूममध्ये परत गेला, एक ओरखडाही न पडता. मंडळाला ढाल मिळाली, सिद्धेश्वरला जागा, प्रियंकाची लाज राहिली. सरांना दहावा विद्यार्थी मिळाला. पदविकेच्या अर्जात पूर्वानुभवाचा रकाना होता, आणि त्यापुढे कंसात 'पुराव्यासह' असं छापलेलं. इंद्रायणीनं पेनाचं टोपण काढलं आणि तिथं स्वच्छ अक्षरात लिहिलं: निरंक.