शेल्याखालचा गगनदूत

जुन्या नाट्यगृहाबाहेर सकाळपासून रीघ लागली होती. आत मंचावर, पितळी पिंजऱ्यात एक जीव उलटा लटकत होता. तोंड कुत्र्याचं, पंख छत्रीएवढे.

"ना पक्षी, ना पशू!" पंखवाले महाराज गरजले. "याला आई नाही, बाप नाही! आमच्या तपश्चर्येतून प्रगटलेला हा गगनदूत, त्रिभुवनात एकमेव! याच्या पंखांचा वारा घ्या, दमा पळालाच म्हणून समजा. मात्र औषधाचा नुसता वास आला तरी हा रुसतो बरं!"

लोक माना डोलवत होते. या थंड, डोंगराळ गावाने वटवाघूळ पाहिलं होतं ते कौलांतलं, अंगठ्याएवढं, किडे खाणारं. एवढं धूड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. त्यांचा स्वभावच तसा. सख्ख्या भावाने शिवलेल्या झग्याची शिवणसुद्धा त्या ओढून बघत. आज त्या भाचीसाठी आल्या होत्या. तिचा दम्याचा फवारा त्यांच्या शिंपी भावाने महाराजांच्या शब्दाखातर फेकून दिला होता. पोरीची छाती शिटीसारखी वाजत होती आणि बाईंचं रक्त उकळत होतं.

"अरे, पोरीचा जीव जाईल! मी नवा फवारा आणलाय."

"ताई, इथे तरी संशय काढू नकोस. तो रुसेल."

"रुसू दे. मी काढते त्याची समजूत."

बाईंनी मघाशीच हेरलं होतं, पडद्याआडचा चेला काठी टोचतो तेव्हाच पंख फडफडतात. आणि गेल्या आठवड्यात उघडा असलेला पिंजरा आज मखमली शेल्याने अर्धा का झाकलाय?

"थंडी सोसत नाही," महाराज घाईने म्हणाले.

"भूक तर सोसत नसेलच." बाईंनी पिशवीतून पिकलेलं केळं काढून पिंजऱ्याच्या उघड्या बाजूला धरलं. वास येताच गगनदूत गजांना धरत शेल्याबाहेर सरकला, पंख उघडले, आणि काखेत बिलगून दूध पिणारं इवलंसं पिल्लू सगळ्या गावाने पाहिलं.

"अगं बाई, ही तर बाळंतीण!" पुढच्या रांगेतली म्हातारी ओरडली. नाट्यगृह हसून हसून लोटपोट झालं.

"याला आई नाही म्हणालात ना, महाराज? ही स्वतःच आई आहे!" बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून त्यातला नकाशा उघडून धरला. "हे फळं खाणारं वटवाघूळ. पिलाला दूध पाजतं, म्हणजे सस्तन प्राणी, गाईसारखा, आपल्यासारखा. याचा मुलूख समुद्राकाठचा, उबदार. तिथे ही झाडाझाडावर शेकड्याने लटकतात, बागवान डबे बडवून हाकलतात. बोलीवरून तुम्हीही तिकडचेच ना? जिथे पिकतं तिथे विकत नाही, म्हणून हे इथे आणलंत!"

"पापी नजर पडली!" म्हणत महाराज बाजूच्या दाराकडे सरकले.

तेवढ्यात भाची मटकन खाली बसली. तिचे ओठ निळसर झाले होते. हसणं जागच्या जागी थांबलं. भावाने हात पुढे केला. "ताई, दे तो फवारा."

त्याने स्वतःच्या हाताने तो लेकीच्या तोंडाशी धरला. हळूहळू शिटी मंदावली, ओठांवर रंग आला. तो ओक्साबोक्शी रडला.

मग डोळे पुसून तो दाराशी गेला. बाहेर रांग अजून तशीच उभी होती. सगळ्यात पुढे खोकणाऱ्या बापाला धरून एक तरुण होता. शिंप्याने त्याची वाट अडवली.

"देवाला मान, नको मानू, तुझी मर्जी. पण औषध टाक म्हणणाऱ्याला आधी विचार, कशावरून? मी नाही विचारलं रे. माझी पोर आत्ता जात होती."