बियाण्याचा वाफा

जालन्यातल्या एका महाविद्यालयात एकदिवसीय राष्ट्रीय सेमिनार भरला होता, बियाण्याच्या एका कंपनीच्या खर्चाने. राष्ट्राच्या वतीने सर्वांत लांबून आलेले विद्वान याच जिल्ह्यातल्या वाटूरचे होते. त्यांना परतायला उशीर नको म्हणून प्रमाणपत्रे उद्घाटनापाठोपाठ वाटली गेली. प्रत्येकाने पेपर वाचल्याचे त्यांत नमूद होते. साहजिकच वाचण्याचे कारण उरले नाही आणि सभागृह जेवणाकडे वळले.

मदीहाला मात्र वाचायचे होते. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवून उरलेल्या वेळात तिने 'सेमिनार' याच शब्दाचा माग काढला होता. तो एकदा तरी माइकसमोर, स्वतःच्या नावाने मांडायचा, एवढीच तिची हाव.

जेवणाच्या रांगेत तिने संयोजक काकासाहेबांना गाठले.

"सर, माझा पेपर?"

"सर्टिफिकेट भेटलं न्हाई का, मॅडम?"

"मिळालं. वाचायचं राहिलंय."

"वाचलं म्हणून लिवलंय ना त्याच्यात? मंग कामून जीव आटवून राह्यल्या? गुलाबजाम घ्या, गरम हायेत. बरं, हाय काय पेपरात? जल्दी सांगा."

हातात ताट धरून तिने सांगितले. लॅटिनमध्ये सेमिनारियम म्हणजे रोपे वाढवण्याचा वाफा. पुढे पाद्री घडवणाऱ्या शाळांना तेच नाव पडले. मग जर्मन विद्यापीठांत, गुरूभोवती बसून प्रत्येक विधान तपासून घेणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांच्या मंडळाला. तिथून तो इंग्रजीत आला, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ…

"वरण संपलं जणू!" म्हणत काकासाहेब निघून गेले.

दुपारी आभारप्रदर्शन होते. पहिल्या रांगेत कंपनीचे अधिकारी.

"सेमिनार म्हंजे मुळात काय?" काकासाहेबांनी माइक जवळ ओढला. "बियाण्याचा वाफा! माझ्या अनेक वर्षांच्या चिंतनात मला हे गवसलं!"

पाद्री आणि जर्मन त्यांनी वगळले. कंपनीला त्यांचा उपयोग नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेजारी बसलेली तरुण प्राध्यापिका अर्पिता भारावून म्हणाली, "काय वाचन आहे ना सरांचं!"

"ताजं आहे," मदीहा म्हणाली.

उठून बोलावे असे तिला क्षणभर वाटले. पण तिचे म्हणणे ऐकायला इथे कोणी आलेलेच नव्हते, आणि पाठ फार दुखत होती. टाळ्या थांबेनात. न वाजवणारी आपण एकटीच दिसू नये, एवढ्यासाठी तिनेही हात उचलले.