डावीकडून तरुण होणारा राजा

दत्तप्रसाद पोंक्षे रोज कोथरूडहून स्कूटरवर येत आणि एका खासगी संग्रहालयात, एका फारसी पोथीवर राज्य करत. बावीस वर्षं झाली या गोष्टीला. पोथी काचेच्या पेटीत, आणि तिच्यातल्या पाच चित्रांच्या प्रती भिंतीवर, पोंक्ष्यांनीच डावीकडून ओळीनं टांगलेल्या. आधी राजाचा जनाजा, मग पांढऱ्या दाढीचा राजा तख्तावर, मग लढाई, मग लग्न आणि शेवटी पाळणा. आता मेलेला राजा पाळण्यात कसा पोचला? फारसीचा गंध नसला म्हणून काय झालं, पोंक्ष्यांनी डोकं लढवलं. म्हणे फकिरानं वर दिला आणि राजा तरुण होत गेला! शाळांच्या सहलींना ते ही कथा रंगवून सांगत. शुक्रवारी त्यांच्या निरोप समारंभात तिचीच पुस्तिका प्रकाशित व्हायची होती. त्या पुस्तिकेवर त्यांचा भारी जीव होता.

मंगळवारी कॅम्पातल्या, फारसीच्या निवृत्त शिक्षिका मेहरुन्निसा बागवान आल्या. त्यांनी चित्रं पाहिली, शेजारची कथेची पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"अहो, हे पुस्तक उजवीकडून उघडतं. पाळणा पहिला, जनाजा शेवटचा. राजा जन्मला, म्हातारा झाला, गेला. आपल्यासारखाच."

"बावीस वर्षांत कुणाची तक्रार आली नाही," पोंक्षे म्हणाले.

"बावीस वर्षांत कुणी पोथी वाचली नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या दालनात गेल्या.

पोंक्ष्यांनी विश्वस्तांना गाठलं. विश्वस्त म्हणाले, पुस्तिका छापून झालीय, पाहुणे ठरलेत, चित्रांना हात लावायचा नाही. राजाची काही हरकत नसावी. दोन दिवस पोंक्ष्यांना जेवण गोड लागलं नाही. अब्रू जाणार याचं दुःख होतंच, पण राजाचंही वाईट वाटत होतं. इतक्या वर्षांनी त्याला पुन्हा मारायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

शुक्रवारी समारंभाआधी त्यांनी पुस्तिकांचे गठ्ठे माळ्यावर टाकले आणि भिंतीवर पाटी लावली: 'चित्रे उजवीकडून पाहावीत. डावीकडून पाहिल्यास राजा तरुण होतो. दोष पोथीचा नाही.'

प्रमुख पाहुण्यांनी पाटी दोनदा वाचली. "मग दोष कुणाचा?"

"होते इथे एक पोंक्षे," पोंक्षे म्हणाले. "आजच निवृत्त झाले."