एक जूनचा वाल्मीक

"वाल्मीक, दम धर ना भो! पितांबर मांगे तुटी गया!" लुनावरून भटू ओरडला.

वाल्मीकने मान न वळवता वेग थोडा सोडला. पितांबर धापा टाकत आला आणि पुन्हा त्याच्या मागच्या चाकाला चिकटला. दहिवेल मागे पडलं होतं, पुढे कोंडाईबारीचा घाट होता, आणि ऑगस्टातला पश्चिमेचा वारा नेमका छातीवर येत होता. गावापासून इथवर तो वारा एकट्या वाल्मीकने अंगावर घेतला होता. शर्यतीच्या सायकलचं गणित साधं असतं. पुढचा वारा फोडतो, मागच्याचे पाय वाचतात.

तिघे एका वर्गातले. भटूचं सायकलचं दुकान, म्हणून घड्याळ आणि पंक्चरची पेटी त्याच्याकडे. पितांबर नाना मास्तरांचा मुलगा, बी.ए. होऊन घरी बसलेला. वाल्मीक पेपरवाला. नऊ वर्षं रोज पहाटे कॅरिअरला गठ्ठा बांधून आठ खेडी, चाळीस किलोमीटर. त्याच जोरावर तीन वर्षं तो जिल्ह्यात पहिला येत होता. मुंबईच्या एका महामंडळात खेळाडूंच्या दोन जागा निघाल्या, वाल्मीक आणि पितांबर दोघांनी फॉर्म भरले, पंधरा दिवसांनी नाशिकला चाचणी होती, आणि त्यातली एक जागा गावाने वाल्मीकच्या नावावर करूनही टाकली होती. त्याच्या आईने, रुक्माबाईने, मुंबईच्या खोलीत पाटा-वरवंटा मावतो का याची चौकशी केली होती.

घाट लागला आणि वाल्मीकने पितांबरला सोडून दिलं. एकदा तरी हा घाट आपला आपण चढावा असं त्याला वाटलं. तो उठून पायडलवर उभा राहिला. मागून भटू काहीतरी ओरडला, ते वाऱ्याने नेलं.

वरच्या टपरीपाशी पितांबर पोहोचला तेव्हा वाल्मीकचा चहा निम्मा झाला होता.

"चार मिन्टं!" भटूने घड्याळ नाचवलं. "चार मिन्टं आगे शे तू! नाशिकले तुले कोन धरनार?"

"मी नाशिकले येनार नही."

"काबर रे?"

"फारम वापस उना. वयमा बसत नही मी."

भटूला आधी थट्टा वाटली. "आनि पितांबर बसस? तुम्ही दोन्ही ते एकच दिवाळीना!"

"मनी एक जून शे ना भो," वाल्मीक म्हणाला.

पुढे कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारावं लागत नाही. अडुसष्ट साली नाना मास्तर पोरं गोळा करत दारोदार फिरले होते. जन्म कधीचा म्हटल्यावर वाल्मीकचा बाप म्हणाला, दिवाळीचा. तारीख त्याला कुठून ठाऊक असणार? पटावर सहा वर्षं तर पुरी दिसायला हवीत, म्हणून नानांनी लिहिलं, एक जून बासष्ट. त्या वर्गातली तीस पोरं अशी एकाच दिवशी जन्मली, आणि गावात सुईण एकच होती. फक्त स्वतःच्या मुलापुढे नानांनी तीन नोव्हेंबर लिहिलं, कारण ती तारीख त्यांच्या डायरीत होती. मास्तरांच्या पोराला वय कोण विचारणार? आता एक जुलैला सव्वीस पुरी झालेली नकोत, अशी अट निघाली. वाल्मीक एका महिन्याने म्हातारा ठरला.

"आपन अर्ज करू," पितांबर खाली बघत म्हणाला. "तुनी माय सांगी ना!"

"मायना सांगावर सरकार चालस का? धुळाले जाई उनू मी. शाळाना दाखला खरा, म्हने."

"मंग मी बी येनार नही."

हे तो मनापासून म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याचा हात सायकलच्या टायरकडे गेला आणि तो हवा चाचपू लागला. वाल्मीकने ते पाहिलं. त्याला राग आला नाही, नुसतं फार एकटं वाटलं. आठ दिवस तो परत आलेला फॉर्म त्याने खिशात बाळगला होता, तो याच माणसाचा सराव बुडू नये म्हणून.

"येडा शे का? चाल, बस सायकलवर. घाटमा तू बसी जास, उभा ऱ्हायत जाय."

परतीला तो पितांबरच्या शेजारून चालला आणि कुठे दम राखायचा, कुठे उठायचं, ते सांगत राहिला. पाठीवर वारा होता. साक्री, नेर कधी मागे पडलं ते कळलंही नाही.

दिवे लागायच्या वेळेला ते गावात शिरले. नाना ओट्यावर वाट बघत बसले होते. यंदाच निवृत्त झालेले, दोन्ही गुडघ्यांवर हात.

"कसा चालना रे हाऊ?"

पितांबरने सायकल भिंतीला लावली आणि तो उगाच चेनशी खेळत राहिला. आता वाल्मीक काय बोलतो, याची भीती त्याच्या पाठीतसुद्धा दिसत होती.

"चांगला चालना, नाना," वाल्मीक म्हणाला. "आख्खा घाट चढना, पाय नही टेका."

नानांचा चेहरा फुलला. त्यांनी वाल्मीकला जवळ बोलावून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नाशिकले त्याले सांभाळजो बरं. तू मोठा शे ना त्यानापेक्षा, पाच महिना."

"हां, नाना," वाल्मीक म्हणाला. मग पितांबरच्या सायकलचं मागचं चाक चिखलाने भरलं होतं, ते धुवायला त्याने आतून बादलीभर पाणी मागितलं.