पट्टीतलं स्थळ

वेबसाइट हा शब्द मला आवडत नाही. मराठीत बरा शब्द असताना उगाच इंग्रजी फेकणाऱ्यांचा मला राग येतो, आणि सगळी नोकरी बंगळूरच्या सरकारी कारखान्यात काढूनही हा राग मी शाबूत ठेवला आहे. त्यामुळे अमृताने मजकूर तपासायची विनंती केली तेव्हाच मी अट घातली, की आपण संकेतस्थळ म्हणायचं. ती म्हणाली, "बरं, काका." ही पोरगी वाद घालत नसे, हा तिचा मोठा गुण.

अमृता देवपुजारी नागपूरची. इंदिरानगरमधल्या एका कंपनीतली चांगली नोकरी सोडून तिने बंगळूरच्या मराठी माणसांसाठी हे संकेतस्थळ काढलं होतं. गणपती कुठे बसतो, ज्वारी कुठे मिळते, भाजणी कोण दळून देतं, पदार्थ कसे करायचे, असलं सगळं त्यावर असे. राहायची मुलींच्या हॉस्टेलवर आणि काम करायची मल्लेश्वरमला, आमच्या पुढच्या खोलीत. फोनही आमचाच. माझी बायको मथुरा तिला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे.

वडिलांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर हे प्रकरण स्वतःच्या पायावर उभं राहिलं नाही, तर गाशा गुंडाळून नागपूरला यायचं आणि मुलं पाहायला लागायचं. उभं राहायचं होतं ते जाहिरातींवर. आणि गणपती तर होऊनही गेले होते.

त्या काळी मराठी अक्षरं सगळ्यांच्या संगणकावर उमटत नसत. प्रत्येक मराठी ओळीचं चित्र करून टाकावं लागे, आणि ते चित्र टेलिफोनच्या तारेतून रांगत रांगत पडद्यावर येई. जाहिरात म्हणजेही चित्रच, आडवी, बोटभर उंचीची पट्टी. अमृताने सुरुवातीला अशा पट्ट्या वर, खाली, दोन्ही बाजूंना, जिथे जागा दिसेल तिथे लावल्या होत्या. पान उघडेपर्यंत मथुराचा कुकर लावून होत असे. लोक कंटाळून निघून जात. कुठल्या पट्टीवर किती जणांनी क्लिक केलं ते अमृताला रोज कळायचं, आणि रोज तिचा चेहरा पडायचा.

मग तिने एकेक पट्टी काढायला घेतली. जागा बदलून पाहिल्या. शेवटी पदार्थांच्या पानावर, साहित्य संपून कृती सुरू होते त्या सांध्यात एकच पट्टी ठेवली, आणि लोक तिथे थांबायला लागले.

"काका, साहित्य वाचून झालं की माणूस घरात काय आहे, काय नाही, ते आठवतो," ती म्हणाली. "दुकान नेमकं तेव्हा दिसायला हवं."

"हे मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," मथुरा आतून म्हणाली.

वर्षभराची जाहिरात देईल असा एकच धनी दृष्टिपथात होता, चिकपेटचे भांड्यांचे ठोक व्यापारी विश्वेश्वर अण्णा. ते मिळाले तर दिवाळीची चिंता मिटणार होती. पण अण्णांच्या लेखी जाहिरात म्हणजे दुकानाची पाटी. "स्वल्प दोड्डदागी हाकी अम्मा," ते दर वेळी म्हणत. थोडी मोठी टाका. भांडी एकाच पट्टीत, तीही पानाच्या मधोमध, हे अमृताने त्यांच्या कसंबसं गळी उतरवलं होतं, आणि तेही महिनाभर पाहू म्हणून.

पानाच्या माथ्यावरची जागा त्यामुळे रिकामी झाली. आणखी जाहिरातदार मिळावेत म्हणून तिथे आपलीच जाहिरात टाकू, असं तिने ठरवलं. मी मजकूर दिला: 'बंगळूरमधील उत्तम मराठी संकेतस्थळ. जरूर संपर्क साधा.' खाली आमचा फोन नंबर. ते काही पट्टीत मावेना. अक्षर बारीक केलं तर मुंग्यांची रांग दिसे.

"वेबसाइट लिहू का, काका? ते जेमतेम मावतंय."

"अजिबात नाही. 'संकेत' काढून टाक. नुसतं स्थळ म्हटलं तरी लोकांना कळतं."

लोकांना कळलं. आठवड्याभरात त्या पट्टीवर अशी झुंबड उडाली, की अमृता चक्रावून गेली. मधली जागा उत्तम असं तिने इतक्या मेहनतीने शोधलं होतं, आणि वरची तर तिच्या कितीतरी पुढे गेली. तिने ते अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. अण्णा खूश झाले. मला वर टाका, वर्षाचं आत्ताच पक्कं करू, म्हणाले. अमृताने दोन दिवस मागून घेतले. आकडे खरे होते, पण तिला ते पटत नव्हते.

त्याच दिवशी फोन सुरू झाले. पहिला पुण्याहून. "मुलगा कुठल्या कंपनीत आहे?" मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याने मुलाचं गोत्र विचारलं. त्याच्यावर मी खेकसलो. तिसरा मथुराने घेतला आणि चांगली ऐसपैस बोलली.

"मुलगी एम.कॉम. आहे, गाते छान," ती बाहेर येऊन म्हणाली.

"कोणाची मुलगी?"

"मला काय माहीत? तुमच्या उत्तम स्थळासाठी सांगून आली आहे."

अमृता आधी पोट धरून हसली. मग तिने आकडे पुन्हा उघडून पाहिले. "म्हणजे जागेत काहीच नव्हतं, काका. शब्दात होतं. भांडी वर टाकली तर तिकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही."

"अण्णांना सांगणार?"

"सांगायला हवं."

दोष माझ्या शब्दाचा नव्हता, पट्टीच्या लांबीचा होता, हे मी तेव्हाही म्हणालो. तिने लगेच फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, "नोडोणा" म्हणाले आणि फोन ठेवला. बघू या. चिकपेटच्या व्यापाऱ्याच्या नोडोणाचा काय अर्थ होतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अमृता पडद्याकडे नुसती बघत बसली. मला तिचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. लांबची लाइन, खरखर भयंकर. अशा वेळी ऐकलेलं मोठ्याने परत म्हणायची माझी सवय आहे.

"नागपूरहून? बरं. मुलगी इंजिनिअर. बंगळूरलाच असते. कोण देवपुजारी?"

अमृताची मान गर्रकन वळली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

गृहस्थ सांगत होते, की शेजाऱ्यांचा मुलगा बंगळूरला असतो, त्याने इंटरनेटवर उत्तम स्थळ पाहून हा नंबर कळवला. "बाकी तुमच्या अपेक्षा असतील त्या सांगा," ते म्हणाले. "आमची एकच अट आहे."

"बोला," मी तुसडेपणाने म्हणालो. अटी घालणारी माणसं मला आवडत नाहीत.

"मुलीनं कॉम्प्युटरवर काहीतरी काढलं आहे. काय ते मला धड समजत नाही. पण ते तिला सोडायला लावायचं नाही. फार जीव लावून करून राहिली ती."

हे मी अमृताकडे बघत, शब्द न् शब्द मोठ्याने परत म्हटलं. "हे तिला सांगितलंत का?" मी विचारलं.

"छे हो. तिला दिवाळीची मुदत देऊन ठेवली आहे. बापाचा काही धाक नको?"

अमृताने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "बाबा, मी अमृता. ते स्थळ माझंच आहे."

पट्टी, संकेत, भांडी, काका, हे सगळं त्यांच्या डोक्यात शिरायला बराच वेळ गेला. मलाही ऐकू यावं म्हणून तिने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला होता.

"म्हणजे मुलगा नाहीच?"

"नाही, बाबा."

"हात्तिच्या! आणि तुझं ते चालून राहिलं का बरोबर?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. मथुराने खुणेने तसं सांगितलंही.

"अजून नाही, बाबा," अमृता म्हणाली. "दिवाळीपर्यंत काही जमेलसं वाटत नाही."

मग देवपुजारी म्हणाले, "मग दिवाळीचं काय घेऊन बसलीस? फराळाला ये आणि परत जा."

फोन ठेवून ती तिथेच खुर्चीत रडली. मथुराने तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या पट्टीचा नवा मजकूर मी स्वतः लिहून दिला. त्यात 'वेबसाइट' असं लिहिलं. फक्त 'साइट'मधली इ ऱ्हस्व ठेवायला लावली.