अक्षर मंजुश्रीचं

“वही मॅडमची, अक्षर मॅडमचं. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?” क्लासचे मालक उमाशंकर सर यांनी मंजुश्रीची जुनी वही टेबलावर आपटली.

समोर अण्णाराव सर बसले होते. सकाळच्या पहिल्या एसटीनं नांदेडहून लातूरला आलेले. मांडीवर क्लासची नवी भूगोलाची पुस्तिका. वर ठळक अक्षरांत, लेखन : मंजुश्री.

क्लासात भूगोल शिकवणारी मंजुश्री टेबलाशीच उभी होती. दहा वर्षांपूर्वी नांदेडला याच सरांच्या वर्गात तिनं ती वही भरली होती. गेल्या महिन्यात लेकीला मांडीवर निजवून एकेक पान टाइप केलं. आपल्या हातानं लिहिलेलं म्हणजे आपलंच. दुसरं काही मनातही आलं नव्हतं.

“उपनद्या म्हंजे नांदेड स्टँडकडं निघालेल्या एसट्या,” अण्णाराव सरांनी वाचलं. “हे माझंच हाय की, पोरी.”

“एसट्या काय तुमच्या एकट्याच्या हायत व्हय?” उमाशंकर सर हसले. कागद तिच्यापुढे सरकवला. “मॅडम, सगळं मीच लिहिलं म्हणून सही करा. न्हाई तर उद्यापासून येऊ नका.”

घरात पगार यायचा तो तिचाच. तिनं पेन उचललं.

अण्णाराव सर एका पानावर थबकले. “मांजरा गोदावरीला डाव्या तीरावर मिळते? हे कधी सांगितलं गं मी?”

फळ्याकडे पाठ करून उभे असलेले सर तिला आठवले.

“तुम्ही हात वर केला होता, सर. तुमचा उजवा. मी समोर बसले होते, मला तो डावीकडं दिसला.”

उमाशंकर सरांनी कपाळाला हात लावला.

“किती पोरांकडं गेलं हे?” अण्णाराव सरांनी विचारलं.

“चारशे,” मंजुश्री म्हणाली.

“आन् परीक्षा?”

“परवा.”

अण्णाराव सर नुसते त्या ओळीकडे बघत राहिले. मंजुश्रीनं पेन खाली ठेवलं.

“अक्षर तेवढं माझं हाय, सर.”

ती थेट वर्गात गेली. “पान बत्तीस काढा. डाव्या खोडा, उजव्या लिहा. आता मुखपृष्ठ. माझं नाव खोडा.”

वर्गात खुसखुस झाली. “मग कुणाचं लिहायचं, मॅडम?” जगदेवीनं विचारलं.

तिनं फळ्यावर अण्णाराव सरांचं पूर्ण नाव लिहिलं. माना खाली झुकल्या. उमाशंकर सर दारातून तिला बाहेर बोलावत होते. मागच्या बाकांवरून दिसत नव्हतं, म्हणून ती ते नाव पुन्हा गिरवत राहिली.